लँकेस्टर काउंटीतला एक वीकेंड: शेतकरी पाहुणा, चिखलातला लिलाव आणि पैसा कुठं गेला (प्रकरण अभ्यास)

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत इंडियातून आईवडील, काका-काकी आले की त्यांना दाखवायची यादी जवळपास ठरलेलीच असते, न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन, ब्रिजवॉटरचं बालाजी मंदिर, आणि वेळ उरलाच तर "ते अमिश लोकांचं गाव". अमिश म्हणजे जुन्या, साध्या पद्धतीने राहणारा एक ख्रिस्ती पंथ, आणि हे शेवटचं म्हणजे पेनसिल्व्हेनियातली लँकेस्टर काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं). बहुतेक जण ती अर्ध्या दिवसात उरकतात. रूट ३० वर गाडी लावायची, घोडागाडीतून एक चक्कर मारायची, आउटलेट मॉलमध्ये शॉपिंग करायचं आणि अंधार पडायच्या आत घरी. माझं स्पष्ट मत आहे की अशी ही काउंटी बघितली तर ती बघितलीच नाही. तिथं बघण्यासारखं जे आहे ते तिथल्या लोकांनी स्वतःच्या गरजेसाठी उभं केलंय, आपल्यासाठी नाही, आणि आपण तिथं पाहुणा म्हणून नीट गेलो तर ते आपल्याला सामील करून घेतात. हे नुसतं सांगून पटत नाही म्हणून आमचा एक वीकेंड पूर्ण लिहितेय, कोण होतं, काय ठरवलं, काय जमलं, काय नाही जमलं आणि पैसे कुठं गेले.

कोण आणि काय अडचण

माझे मोठे चुलते, त्यांना सगळं गाव आप्पाच म्हणतं, सत्तरीच्या पुढचे, वाळवा तालुक्यात ऊस आणि थोडी हळद, सगळं आयुष्य शेतीत गेलेलं. सोबत काकी, त्या माळकरी, म्हणजे खाण्यात अंडंसुद्धा चालत नाही. आम्ही दोघं, आठवीतली मुलगी, तिसरीतला मुलगा. मार्चचा महिना, थंडी सरत आलेली पण गेलेली नाही.

मॅनहॅटन दाखवून झालं तेव्हा आप्पा गप्प होते, रात्री जेवताना म्हणाले, "बिल्डिंगी लई बघितल्या पोरी, आता हितली शेती दाव की." नवरा म्हणाला लँकेस्टरला जाऊ, एडिसनपासून अडीच तासांच्या आत. पण आप्पांचे गुडघे दुखतात, काकींना बाहेरचं खाणं चालत नाही, मुलांना शेती म्हटलं की कंटाळा, आणि सहा माणसांचा खर्च. चारही गोष्टी एकदम सांभाळायच्या होत्या.

आधी काउंटीबद्दल थोडं, नाहीतर पुढचं कळणार नाही

लँकेस्टर काउंटी १७२९ साली झाली, म्हणजे अमेरिका देश व्हायच्या कितीतरी आधी. जमीन चुनखडीवरची, सुपीक, आणि मुख्य म्हणजे पाऊस पुरेसा, त्यामुळे पाटाचं किंवा बोअरचं पाणी न देता पिकं निघतात. पाणीपट्टी आणि वीजबिल भरून ऊस काढणाऱ्या माणसाला हे ऐकूनच नवल वाटतं. अमेरिकेतली शेती म्हणजे हजारो एकर असं आपल्या डोक्यात असतं, आणि २०१७ च्या कृषी गणनेत देशातलं सरासरी शेत ४४१ एकरांचं होतंच, पण लँकेस्टरमध्ये तेव्हा ५ हजारांच्या वर शेतं होती आणि सरासरी ८० एकरांच्या आत. म्हणजे इथं छोटा शेतकरी टिकलाय, आणि तरी २०१७ साली दीड अब्ज डॉलरच्या आसपास शेतमाल विकलेली ही पेनसिल्व्हेनियातली पहिल्या नंबरची काउंटी आहे. दूध, कोंबड्या-अंडी, मका, लसूणघास, तंबाखू.

त्यात अमिश लोक. या वसाहतीत त्यांची संख्या ४० हजारांच्या वर आहे. शेतात ट्रॅक्टर नाही, नांगर आणि पेरणीयंत्र खेचरं ओढतात, रस्त्यावर करड्या रंगाच्या घोडागाड्या, लायनीची वीज घरात घेत नाहीत, शाळा आठवीपर्यंत (१९७२ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने विस्कॉन्सिनच्या खटल्यात तो हक्क मान्य केला). पण हे सगळं "जुन्या काळात अडकलेले लोक" म्हणून बघू नका, ते बरोबर नाही. दूध थंड ठेवायच्या टाकीला ते डिझेल इंजिन लावतात कारण त्याशिवाय डेअरीवाला दूध घेणार नाही. कुठली गोष्ट घ्यायची आणि कुठली नाही हे त्यांची मंडळी बसून ठरवतात, दर वेळी प्रश्न हाच की याने आपली माणसं एकमेकांपासून लांब जातील का. आणि आता निम्म्याहून जास्त घरं शेतीवर नाहीतच, सुतारकाम, शेड बांधणं, दुकानं, यावर चालतात, कारण पोरं भरपूर आणि जमीन तेवढीच. आप्पांना हे समजावून सांगायला लागलंच नाही.

दोन प्लॅन

पहिला प्लॅन नेहमीचा: रूट ३० वरचं हॉटेल, घोडागाडी, अमिश घराची टूर, आउटलेट. दुसरा मी काढला: राहायचं एका चालू डेअरी फार्मवर, शनिवारी गॉर्डनव्हिलला फायर कंपनीचा मड सेल, जमलं तर लँकेस्टर शहरातलं जुनं मार्केट, रविवारी रेल्वे. नवऱ्याला पहिला सोपा वाटत होता आणि त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, गुडघे दुखणाऱ्या माणसाला चिखलात कशाला न्यायचं. पण आप्पांना दोन्ही वाचून दाखवले तेव्हा त्यांनी लिलाव शब्दावरच बोट ठेवलं. "लिलावात काय काय आसतंय?" खेचरं, घोडे, अवजारं, बग्ग्या, गोधड्या. विषय संपला.

मड सेल हा प्रकार काय ते सांगते. या भागातल्या अग्निशमन दलांत पगारी माणसं जवळपास नाहीतच, गावातले लोकच फायरमन, भोंगा वाजला की सुतार हातातली करवत ठेवून पळतो आणि शेतकरी धार अर्धी सोडून. ही पद्धत जुनी, बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ साली फिलाडेल्फियात अशीच स्वयंसेवकांची फायर कंपनी काढली होती. पण बंब, होज, कपडे, इमारत याला पैसा लागतोच, तो उभा करायला हिवाळा सरताना फेब्रुवारी-मार्चपासून गावोगावचे फायर कंपनीवाले मैदानात मोठा लिलाव भरवतात. बर्फ वितळून जमीन चिखल झालेली असते म्हणून मड सेल. गॉर्डनव्हिलचा मार्चच्या दुसऱ्या शनिवारी असतो आणि मोठ्यांपैकी एक आहे. काही वस्तू लोक दान देतात, काही मालकाच्या असतात आणि त्यावर फायर कंपनीला कमिशन मिळतं, खाण्याच्या स्टॉलचा नफाही कंपनीचाच.

यात अमिश लोक नुसते गिऱ्हाईक नाहीत. ते स्वतः स्वयंसेवक फायरमन आहेत, आगीत शिरतात, फक्त बंब चालवत नाहीत, गाडी दुसरा कोणीतरी चालवतो. पेनसिल्व्हेनियात १९७० च्या दशकात एकूण सुमारे ३ लाख स्वयंसेवक फायरमन होते, २०१८ च्या राज्य सरकारच्या अहवालात आकडा ३८ हजारांच्या आसपास आला. राज्यभर दलं माणसांअभावी अडचणीत असताना इथली गावं टिकून आहेत, त्यामागे हे अमिश तरुण मोठं कारण आहेत असं माझं मत आहे.

शनिवार

सकाळी लवकर पोचलो, तरी गाड्या शेतात रांगेने लागलेल्या, एका बाजूला मोटारी, दुसऱ्या बाजूला घोडे सोडून ठेवलेल्या बग्ग्यांची रांग, शेजारून ॲमट्रॅकची लाइन जाते त्यामुळे मधूनच फिलाडेल्फिया-हॅरिसबर्गची गाडी धडधडत जाणार. आप्पांना गमबूट आणि एक घडीची खुर्ची घेतली होती, मी हे दोन्ही सगळ्यांना सांगेन, खुर्ची न्याच. चिखल खराच असतो, घोट्यापर्यंत.

लिलाव एक नसतो, एकाच वेळी पाच-सहा ठिकाणी चालू असतात, इकडे नांगर आणि जू, तिकडे फर्निचर, पलीकडे बग्ग्या, तंबूत गोधड्या, आणि घोडे-खेचरं वेगळीकडे. लिलाव पुकारणारा इतक्या वेगाने बोलतो की मुलीला वाटलं दुसरी भाषा आहे, प्रत्यक्षात नुसते आकडेच असतात, आत्ताचा भाव आणि पुढचा भाव, मध्ये भरीचे शब्द. बोली लावायची तर आधी टेबलावर नाव-पत्ता देऊन, ओळखपत्र दाखवून नंबर घ्यायचा, तो कागद वर केला की बोली लागली. म्हणून लहान मुलांच्या हातात तो कागद देऊ नका, आमच्या मुलाच्या हातातून मी पहिल्याच दहा मिनिटांत काढून घेतला.

आप्पा खेचरांपाशी जाऊन उभे राहिले ते हललेच नाहीत. त्यांनी आयुष्यात खरसुंडीच्या जत्रेतून खिलार बैल घेतलेत, तिथं व्यवहार उपरण्याखाली, दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात, बाजूच्याला कळत नाही. इथं सगळं उघडं, शंभर माणसांसमोर भाव चढतो. त्यांना ते आवडलं, मला विचारलं, "मग पडल्या भावात इकायचं न्हाई म्हटलं तर?" शेजारी एक दाढीवाले अमिश आजोबा उभे होते, मी त्यांना विचारलं. ते म्हणाले मालक नाही म्हणू शकतो, तशी अट आधी घालता येते, आणि दान दिलेल्या वस्तूला तसलं काही नसतं. मग त्यांनीच उलट विचारलं की हे कुठले, शेती किती, काय लावतात. ऊस म्हटल्यावर त्यांनी विचारलं साखर तुम्हीच करता का. पुढचा अर्धा तास मी नुसती मध्ये उभी राहून इकडचं तिकडं सांगत होते, सहकारी साखर कारखाना म्हणजे काय, शेतकरीच सभासद कसा, ऊसतोड टोळ्या कशा येतात. आणि तिकडून, खेचर का आणि घोडा का नाही: खेचर कमी खाण्यात जास्त काम करतं, उन्हाला टिकतं, आणि स्वतःला दमवून मरेपर्यंत ओढत नाही, थांबतं. आप्पा म्हणाले, "बैलाचं आन् घोड्याचं मधलं झालं की." बग्गीला मात्र घोडाच, आणि बरेचसे घोडे रेसच्या ट्रॅकवरून निवृत्त झालेले असतात, हे मलाही तिथंच कळलं.

मुलं? मला वाटलं होतं तासाभरात "घरी जाऊ" सुरू होईल. मुलगा अमिश पोरांमध्ये मिसळला, लहान लहान खेळण्यांचे गाडे विकायला आलेली त्याच्याच वयाची पोरं, टोप्या घातलेली, हिशेब तोंडी करणारी. मुलगी गोधड्यांच्या तंबूत काकींबरोबर.

काकींचं मला फार कौतुक वाटलं त्या दिवशी. गोधडी हातात घेतली की आधी उलटी करायच्या, मागची शिवण बघायच्या. हाताची शिवण कुठली आणि मशीनची कुठली ते त्यांनी लांबून सांगायला सुरुवात केली, तिथं काम करणारी एक बाई हसून त्यांच्या शेजारीच येऊन बसली, भाषा एक शब्द कळत नाही दोघींना, पण टाके किती बारीक, दोरा कुठं संपवला, कोपरा कसा जोडला, सगळं बोटांनी चालू. मोठ्या पलंगाच्या गोधड्या कित्येकशे डॉलरला, चांगली असेल तर हजाराच्याही पुढे जातात, आणि जायलाच पाहिजेत, एका गोधडीत कित्येक महिन्यांची संध्याकाळ असते. आम्ही पाळण्याच्या मापाची एक छोटी घेतली, बोली काकींच्या इशाऱ्यावर मी लावली, मान हलली की कागद वर.

खाणं हा खरा प्रश्न होता. स्टॉलवर चिकन-मक्याचं सूप, सॉसेज, बार्बेक्यू, डोनट, पाय. शाकाहारी माणसाला सांगते, इथं दिसतं शाकाहारी ते सगळं शाकाहारी नसतं. पायच्या पारीत जुन्या पद्धतीने डुकराची चरबी घालतात, बटाट्याचे चिप्सही काही ठिकाणी त्याच चरबीत तळतात. विचारायचं, लाजायचं नाही, लोक सरळ सांगतात. काकींसाठी आम्ही घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही नेलं होतं, खुर्चीवर बसून त्यांनी तेच खाल्लं. आप्पांनी शूफ्लाय पाय खाल्ला, त्याचं सारण मोलॅसिसचं असतं, पहिल्याच घासाला म्हणाले, "काकवी हाय की ही!" आणि मग ऊस इथं होत नाही तर काकवी आली कुठनं, यावर चर्चा.

फोटोंचं एक सांगायलाच हवं. अमिश लोकांना चेहरा येईल असा फोटो चालत नाही, त्यांच्या धर्माचा भाग आहे तो. अवजारं, घोडे, गोधड्या, गर्दी लांबून, ठीक. पण पोरांच्या तोंडासमोर फोन धरणारे लोक मी तिथं बघितले, आपलेही बघितले, आणि मला मनापासून वाईट वाटलं. आपल्या देवघरात कोणी चपला घालून शिरला तर आपण काय म्हणू.

संध्याकाळी मुलांच्या हट्टाने एक घोडागाडी राइड घेतली. बुकिंगला एक भाव दाखवला आणि तिथं गेल्यावर माणशी वेगळा, शिवाय जी शेतं दाखवणार म्हणाले त्यातलं निम्मंही नाही, पार्किंगच्या मागून एक वळसा. नाव घेत नाही, पण दिवसभर सगळ्यांसमोर उघडा भाव बघून आलेल्या आप्पांना ते फारच लागलं.

फार्मवर

राहायला मेनोनाइट कुटुंबाचा डेअरी फार्म होता. मेनोनाइट आणि अमिश मूळ एकाच झाडाचे, युरोपातल्या ॲनाबॅप्टिस्ट पंथाचे, पण बरेच मेनोनाइट गाडी, ट्रॅक्टर, वीज सगळं वापरतात. या काउंटीत असे फार्म-स्टे पुष्कळ आहेत, चालू शेतातल्या दोन-चार खोल्या पाहुण्यांना देतात, सकाळी धारेला यायला परवानगी. दुधाचा भाव पडला की या खोल्यांच्या पैशावर घर चालतं, मालकीणबाईंनीच सांगितलं. चार वर्षं भाव चांगला आणि पाचव्या वर्षी उत्पादन खर्चही निघत नाही, हे गणित ऐकून आप्पांनी नुसती मान हलवली.

पहाटे अंधारात आप्पा आमच्या आधी गोठ्यात. होल्स्टीन गाई, मशीनची धार. मुलांनी वासराला बाटलीने दूध पाजलं, त्या वीकेंडमधलं मुलाचं हेच सगळ्यात आवडतं. आप्पांचं लक्ष सायलोकडे, मुरघास त्यांना माहीत आहे, गावात आता खड्ड्यात आणि बॅगेत करतात, पण उभ्या मनोऱ्यात भरलेला त्यांनी पहिल्यांदा बघितला. भरताना हवा कशी काढतात, वरून खाली कसा उतरवतात, ताजा भरला की आत विषारी वायू साठतो म्हणून त्या दिवसांत कोणी आत उतरत नाही. तंबाखूचं शेड बघून त्यांना निपाणी आठवली, भिंतीच्या उभ्या फळ्या दाराला असतात तशा बिजागऱ्यांवर उघडतात, वारा आत घ्यायचा की बंद करायचा ते पानाची वाळ बघून ठरतं.

शेणाचा वास मात्र सगळीकडे. मार्चमध्ये शेणखताचं पातळ पाणी शेतात मारतात. एवढ्या छोट्या जागेत एवढी जनावरं असल्याने खतातलं नायट्रोजन-फॉस्फरस ओढ्यांत, तिथून सस्क्वेहाना नदीत आणि शेवटी चेसापीक उपसागरात जातं, तिथलं पाणी बिघडायला लँकेस्टरचा मोठा हात आहे. म्हणून आता हिवाळ्यात राय (गव्हासारखं एक धान्य) वगैरे पेरून जमीन झाकून ठेवतात, ओढ्याकाठी झाडं लावतात, जनावरं ओढ्यात उतरू नयेत म्हणून कुंपण घालतात. सुंदर दिसणाऱ्या शेतांचा हा भाग पाहुण्यांना सहसा कोणी सांगत नाही, इथं मालकाने आपणहून ओढ्यावर नेऊन दाखवला, मला त्याचा आदर वाटला.

आणि मग ज्या विषयासाठी मी हे प्रकरण लिहायला घेतलं तो. फार्मच्या फाटकाजवळ एक पाटी होती, हे शेत कायमचं शेतीसाठी राखलेलं आहे अशी. आप्पांनी विचारलं म्हणजे काय, सरकारने घेतलं का? नाही. जमिनीवर घरं बांधायचा, प्लॉट पाडायचा जो हक्क असतो तेवढाच शेतकरी विकतो किंवा दान देतो. जमीन त्याच्याच नावावर, पिकवा, विका, पोरांना द्या, पण पुढचा कोणीही मालक असो, त्यावर बिगरशेती होणार नाही, कागद कायमचा. मोबदला ठरतो तो बिल्डरला विकली तर येणारी किंमत आणि शेती म्हणून येणारी किंमत यातल्या फरकावरून. काउंटीने यासाठी १९८० साली बोर्ड नेमलं, राज्याने १९८७ साली १० कोटी डॉलरचे रोखे काढायला लोकांचं मत घेऊन मंजुरी घेतली, आणि १९८८ साली लँकेस्टर फार्मलँड ट्रस्ट नावाची खासगी संस्था निघाली. खासगी का, तर अमिश लोक सरकारी पैसा घ्यायला सहसा तयार नसतात, त्यांच्याशी ट्रस्ट बोलू शकतो. आजवर काउंटीत १ लाख एकरांहून जास्त जमीन अशी राखली गेलीय.

आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. आमच्या गावाशेजारी रस्ता चारपदरी झाला आणि बघता बघता काळ्या रानात एनए प्लॉटचे दगड उभे राहिले, त्यांच्या सख्ख्या भावकीतल्यांनी विकलं, त्यांचाही दोष नाही, ऊसबिल वेळेवर येत नाही आणि पोराचं लग्न थांबत नाही. त्यांनी मालकाला एकच विचारलं: पैसे मिळाले ते तू कशात घातलेस? मालक म्हणाला, बहिणींचा वाटा दिला. त्यासाठी जमिनीचा तुकडा विकायला लागला नाही, शेत एकत्र राहिलं.

परत येताना रूट ३० वर ॲमिश फार्म अँड हाउस दाखवलं, १९५५ पासून ते पाहुण्यांसाठी खुलं आहे, माहिती चांगली देतात, पण एके काळी शेतांनी वेढलेल्या त्या घराच्या आजूबाजूला आता दुकानं आणि मागे टार्गेट नावाचं मोठं स्टोअर. आदल्या दिवशीच्या पाटीचा अर्थ मुलीला इथं बरोबर कळला, तिने स्वतःहून विचारलं की याला तसा कागद केला नव्हता का.

रविवार आणि हिशेब

रविवारी अमिश दुकानं, शेताकडेचे स्टॉल सगळं बंद, हे लक्षात ठेवून प्लॅन करा. प्रार्थना एकाआड एक रविवारी कोणाच्यातरी घरी भरते, पंचवीस-चाळीस घरांचा एक गट असतो. म्हणून रविवार रेल्वेला ठेवला. स्ट्रासबर्ग रेल रोड, सनद १८३२ सालची, बंद पडायच्या बेतात असताना १९५८ मध्ये रेल्वेवेड्या लोकांनी मिळून विकत घेतली आणि १९५९ पासून पर्यटक गाडी सुरू केली, वाफेचं इंजिन, शेतांतून पॅराडाईज गावापर्यंत जाऊन परत, पाऊण तास. गुडघ्यांना आराम, मुलांना इंजिन, आणि आप्पांना खिडकीतून नांगरट बघायची, पण रविवार असल्याने शेतात एकही खेचर नव्हतं. रेल्वे शनिवारी दुपारी आणि मड सेल नुसता सकाळचा ठेवला असता तर तेही जमलं असतं.

शहरातलं सेंट्रल मार्केट मात्र राहिलं. मंगळवार, शुक्रवार, शनिवार एवढेच दिवस असतं, १७३० च्या दशकापासून त्या जागी बाजार भरतोय आणि आत्ताची लाल विटांची इमारत १८८९ ची. शुक्रवारी दुपारी निघता आलं असतं तर साधलं असतं, ऑफिसमुळे नाही झालं.

पैशाचं सांगते. सगळ्यात मोठा भाग फार्म-स्टेला गेला, म्हणजे सरळ शेतकऱ्याच्या घरात. त्याखालोखाल गोधडी आणि लिलावातली किरकोळ खरेदी, ते फायर कंपनी आणि शिवणारी बाई यांच्यात वाटलं गेलं. मग रेल्वे, पेट्रोल, टोल. घोडागाडीला गेलेले पैसे एकूण खर्चात थोडेच होते, पण तेवढेच काउंटीतल्या कुठल्या शेतकऱ्याला मिळाले की नाही हे मला कळू शकलं नाही. नेहमीच्या प्लॅनमध्ये हॉटेल, मॉल आणि राइड मिळून आमचा खर्च जवळपास एवढाच झाला असता, फक्त त्यातला फारच थोडा त्या शेतांत उतरला असता ज्यांच्यासाठी आपण एवढ्या लांब येतो.

हा प्लॅन सगळ्यांना जमेल असं नाही. व्हीलचेअरवरचं माणूस मार्चच्या मड सेलला नेऊ नका, चाक रुततं. त्यांच्यासाठी शुक्रवारी एफ्राटाजवळचं ग्रीन ड्रॅगन मार्केट बरं, तिथंही लिलाव असतो. उन्हाळ्यात जाणार असाल तर लिओला गावात भाजीपाल्याचा लिलाव भरतो, घोडागाड्यांतून पेट्या येतात, तो घाऊक असतो पण बाजूला उभं राहून बघायला कोणी ना म्हणत नाही, आणि बाजार समितीत माल घेऊन जाणाऱ्या आपल्या माणसांना त्यात सगळ्यात जास्त रस वाटेल. शेताकडेच्या स्टॉलवर पुष्कळदा माणूस नसतो, डबा असतो, भाव लिहिलेला, पैसे टाकायचे आणि न्यायचं, सुट्टे जवळ ठेवा. रस्त्यावर बग्गी पुढे असेल तर हॉर्न मारू नका, घोडा बुजतो, आणि चढावर ओव्हरटेक अजिबात नको, अंधार पडल्यावर तर नाहीच.

आप्पांनी इंडियाला जाताना त्या राखीव जमिनीच्या कागदाचा नमुना मागितलाय. ट्रस्टची माहिती मी काढून मराठीत लिहून देतेय, म्हणाले सोसायटीच्या मीटिंगला वाचतो. आपल्याकडे तसा कायदा नाही आणि पैसा कोण देणार हा पहिलाच प्रश्न येणार, ते त्यांनाही माहीत आहे, तरी कागद त्यांना हवाय.